धुऱ्याचा वाद लोकअदालतीत मिटवताना तडजोडपत्र कसे तयार करावे

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जाहीर झाली की तालुका न्यायालयातील वकील कक्षात धुऱ्याच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, आणि वाटणीच्या जुन्या फायली कपाटातून बाहेर निघतात. मी विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. शेजारी-शेजारी वावर (शेत) असलेल्या दोन कुटुंबांनी वर्षानुवर्षे तारखा करण्यापेक्षा समोरासमोर बसून वाद संपवावा, असे मला मनापासून वाटते. मात्र घाईत लिहिलेली तडजोड कधी कधी मूळ दाव्यापेक्षा अधिक त्रास देते, म्हणून ती कशी करावी हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कायद्याची बाजू लक्षात घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच (डिक्रीसारखाच) असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. फारच मर्यादित कारणांवर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, रिट याचिका करता येते. पण 'तेव्हा नीट समजले नव्हते' एवढे म्हणणे तेथे टिकत नाही. याचा अर्थ असा की, सर्व काळजी सही करण्यापूर्वी घ्यावी लागते.

आपला वाद लोकअदालतीचाच आहे का, हेही आधी तपासावे. वहिवाटीचा रस्ता किंवा पांदण (शेतांकडे जाणारी वाट) कोणी काटे टाकून अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, आणि तो अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. वावरात जायला रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली अर्ज तहसीलदारांकडेच जातो. अतिक्रमण, ताबा, मनाई हुकूम यांचे दिवाणी दावे मात्र लोकअदालतीत ठेवता येतात. दावा अजून दाखल झाला नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो आणि त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही. धुऱ्यावरून झालेल्या मारहाणीच्या परस्पर तक्रारी प्रलंबित असतील आणि गुन्हे तडजोडपात्र असतील, तर त्याही त्याच दिवशी ठेवाव्यात. जमिनीचा वाद मिटून फौजदारी तारखा चालू राहिल्या, तर दोन्ही घरांतील कडवटपणा तसाच राहतो.

तडजोडीच्या बोलण्याला बसण्याआधी मोजणी करून घ्यावी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण धुरा नेमका कोठून जातो हे सातबारा सांगत नाही. ते भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवरून कळते. कपाशी आणि तूर निघून वावर मोकळे झाले की मोजणी करावी, कारण उभ्या पिकात खुणा धड दिसत नाहीत. मोजणीच्या दिवशी दोन्ही पक्षांनी स्वतः हजर राहावे आणि जेथे खूण सांगितली जाईल तेथे सर्वांसमक्ष दगड रोवावा.

त्यानंतर सह्या कोणाच्या लागतील ते पाहावे, आणि येथे चूक फार होते. सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांनी तडजोडीत यायला हवे. केवळ वहिती करणाऱ्या थोरल्या भावाने सही करून भागत नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींचा हक्क कायम असतो, म्हणून त्यांना बोलवावे किंवा त्यांच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र घ्यावे. खातेदारांमध्ये अज्ञान (18 वर्षांखालील) मूल असेल, तर त्याच्या पालकाला तडजोडीसाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष मजकूर. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाच्या तडजोडपत्रात 'दोन्ही पक्षांनी आपापल्या वहिवाटीप्रमाणे राहावे व एकमेकांस हरकत करू नये' एवढेच लिहिले गेले. सर्वजण समाधानाने घरी गेले. पुढच्या वखरणीत (पेरणीआधीच्या मशागतीत) धुरा दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, इकडे सरकला, मग दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाली, आणि बेलिफाने, म्हणजे न्यायालयाचा हुकूम बजावणाऱ्या कर्मचाऱ्याने, वावरात उभे राहून 'नेमके कोठे?' असे विचारले, तेव्हा निवाड्यात त्याचे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी तडजोडपत्र लिहिताना बेलीफ समोर उभा आहे असे धरूनच लिहितो. गट क्रमांक, चतुःसीमा, मोजणीची तारीख आणि 'क' प्रतीवरील खुणा लिहाव्यात आणि नकाशाची प्रत तडजोडपत्राचा भाग म्हणून जोडावी. धुऱ्याची रुंदी आकड्यात लिहावी. धुऱ्यावरच्या कडुनिंबाचे, बाभळीचे किंवा सागाचे काय करायचे, झाड कोणाच्या मालकीचे आणि फांद्या कोणी छाटायच्या, हे स्पष्ट करावे. मी पाहिलेले कितीतरी तंटे जमिनीवरून नव्हे, तर कपाशीवर पडणाऱ्या झाडाच्या सावलीवरून पुन्हा पेटलेले आहेत. पाणी कोणत्या बाजूने काढायचे तेही लिहावे, कारण काळ्या जमिनीत पावसाचे पाणी तुंबले की पीक जळते आणि माणूस शेजाऱ्याचा बांध फोडतो. ताबा सोडायचा असेल तर 'लवकरच' किंवा 'हंगामानंतर' असे न लिहिता तारीख घालावी, आणि उभे पीक कोण काढणार हे नमूद करावे.

मसुदा तयार झाला की घरी न्यावा, घरातील वाचू शकणाऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि एखादा शब्द कळला नाही तर वकिलाला पुन्हा विचारावे. स्वतःचा वकील नसेल, तर महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. माहितीसाठी 15100 हा क्रमांक आहे. लोकअदालतीच्या पॅनलपुढे कोणीही सक्ती करू शकत नाही. मन तयार नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. दावा जेथे होता तेथे परत जातो आणि पुढे चालतो.

निवाडा झाल्यावर तीन कामे लगेच करावीत. प्रमाणित प्रत काढावी, दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळण्यासाठी अर्ज द्यावा आणि नोंदीत बदल होणार असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी प्रत सादर करावी. समोरच्याने शब्द पाळला नाही, तर ताबा किंवा रक्कम यासाठी दरखास्त 12 वर्षांच्या आत करता येते. परंतु बांध हटवणे, झाड काढणे अशी ठरावीक कृती करण्याचा सक्तीचा आदेश असेल, तर मुदत केवळ 3 वर्षांची असते. म्हणून निवाड्याच्या तारखेची नोंद घरातील कागदपत्रांच्या पिशवीवरच करून ठेवावी, आणि पहिली वखरणी सुरू होण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांनी एकत्र जाऊन रोवलेले दगड जागेवर आहेत ना ते पाहून यावे.