'स्लीपी टाउन' म्हणजे झोपाळू गाव नव्हे: या चुका टाळा

दापोली-गुहागरकडे पाहुण्यांना घरगुती मुक्काम देणारे बरेच जण आता घराची माहिती इंग्रजीत लिहितात. त्यातली काही तपासायला माझ्याकडे येते. समुद्र, नारळ, मोदक सगळं नीट उतरलेलं असतं; घोटाळा होतो तो 'स्लीपी' या शब्दापाशी.

माणूस स्लीपी असेल तर त्याला झोप आलेली असते. गाव स्लीपी असेल तर तिथे फारशी धावपळ नसते, दिवस संथ जातो. मराठीत 'निवांत' जवळचा, 'झोपाळू' नव्हे. 'क्वाएट'ही थोडा वेगळा: त्याचा भर शांततेवर, स्लीपीचा संथ गतीवर.

सगळ्यात जास्त दिसते ती चूक म्हणजे 'स्लीपिंग व्हिलेज'. त्याचा अर्थ या घटकेला झोपलेलं गाव. रात्री दोन वाजता चिपळूणची बाजारपेठही तशीच असते. स्लीपी हा गावाचा स्वभाव आहे. आणि 'अस्लीप' नामाच्या आधी येत नाही. 'द व्हिलेज इज अस्लीप' बरोबर, 'अॅन अस्लीप व्हिलेज' चूक. विशेषणांचा क्रमही सांभाळा: 'अ स्लीपी लिटल फिशिंग व्हिलेज'. आधी आपलं मत, मग आकार, शेवटी गावाचा धंदा. 'लिटल स्लीपी' कानाला खटकतं.

'डॉर्मिटरी टाउन' हा शब्द तर इथे वापरूच नका. ते शहराजवळचं गाव, जिथले लोक कामाला शहरात जातात आणि फक्त झोपायला घरी येतात.

पण मला खरी काळजी वाटते ती या शब्दाच्या दुसऱ्या धारेची. सुट्टीला आलेला पाहुणा 'स्लीपी' म्हणतो तेव्हा त्यात माया असते. तोच शब्द धंद्याबद्दल किंवा विकासाबद्दल बोलताना आला, की अर्थ 'सुस्त, मागे पडलेलं' असा होतो. इंग्रजी वर्तमानपत्रं तर गुन्ह्याच्या बातमीत हमखास लिहितात, अमुक घटनेने 'स्लीपी टाउन' हादरलं. म्हणून नुसता 'स्लीपी' लिहून सोडू नका, शेजारी गावाची एखादी खूण द्या, म्हणजे माया कळते.

आणि जागा पाहून वापरा. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागला की पाय ठेवायला जागा नसते. त्याला स्लीपी म्हणणं खोटं ठरेल. शिमग्यात आणि गणपतीत तर कोकणातल्या कुठल्याच गावाला हा शब्द लावू नये, चाकरमानी आले की घरं भरून जातात.

आंजर्ल्याच्या एका काकांनी 'स्लीपिंग व्हिलेज, नो डिस्टर्बन्स' लिहिलं होतं. आम्ही दोघांनी बसून ते बदललं: 'अ स्लीपी लिटल व्हिलेज ऑन द जोग रिव्हर, वाइड अवेक व्हेन द टर्टल्स हॅच.'