ऊन लागलेल्या माणसाला पाणी कसे द्यावे

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा केळीच्या बागेतला एखादा मजूर चक्कर येऊन खाली बसला की भोवतालची माणसे आधी पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावतात. त्याआधी त्याला सावलीत नेऊन नाव-गाव विचारावे. उत्तर असंबद्ध आले, झटके आले किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजावा आणि तोंडाने थेंबही देऊ नये, कारण ते पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. अशा वेळी 108 क्रमांकावर फोन करून, रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहावे.

माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर ओआरएस, म्हणजे पुडीतली मीठ-साखरेची जलसंजीवनी, उत्तम. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकण्याची सवय वाईट. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमच्यावरचा ढीग सुरीच्या पाठीने काढून टाकावा, कारण मीठ जास्त झाले तर ते घातकच ठरते. लहान आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, म्हणून साखरेला मिठाची जोड हवी. नुसती ग्लुकोज पावडर हे काम करत नाही. तयार द्रावण 24 तासांनंतर फेकून द्यावे.

दर दोन-तीन मिनिटांनी दोन घोट द्यावेत. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश सुरू करावे. घाम खूप गेलेला असताना भराभर लिटरवारी साधे पाणी पाजल्यास रक्तातले सोडियम घटते आणि डोकेदुखी, उलट्या, भ्रम सुरू होतो, जो पुन्हा उन्हाचाच त्रास वाटतो. बरे वाटू लागल्यावर मीठ घातलेले पातळ ताक किंवा कैरीचे पन्हे चालते. दारू आणि बाटलीतली गोड पेये नकोत.

पीत असलेल्या माणसाला सलाईन लावण्याचा आग्रह आपल्याकडे फार, पण त्याची गरज बहुधा नसते. मात्र तासाभरात उतार पडला नाही, उलट्या थांबल्या नाहीत किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर दवाखाना गाठावाच. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती पाणी चालेल, हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.