तोराजात जमीन घ्यायला निघालात? या चुका टाळा

इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसी प्रांतात डोंगरात दोन तोराजा जिल्हे आहेत: ताना तोराजा, ज्याचं मुख्यालय माकाले, आणि २००८ साली त्यातून वेगळा झालेला तोराजा उतारा, ज्याचं मुख्यालय रांतेपाओ. थंड हवा, कॉफीचे मळे आणि होडीसारख्या छपरांची घरं पाहून इथे छोटं रिसॉर्ट काढावंसं वाटणं साहजिक आहे. मात्र इथली बहुतेक फसगत भावात होत नाही, विकणारा नेमका कोण हे न विचारल्यामुळे होते.

एकाच माणसाशी सौदा करणं

टोंगकोनान हे पूर्वजांचं घर. त्याची शेती, बांबूचं बन आणि अंगण एका माणसाच्या मालकीचं नसतं, ते सगळ्या वंशजांचं असतं. नातं आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी मोजलं जातं, त्यामुळे एकेक माणूस अनेक टोंगकोनानांचा हिस्सेदार असतो. निम्मी भावंडं मकास्सर, जकार्ता किंवा पापुआत नोकरीला असतात. गावातल्या चुलत्याने पैसे घेतले आणि भिंती उभ्या राहिल्यावर पापुआतला पुतण्या कोर्टात गेला, हा इथल्या वादांचा नेहमीचा साचा.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: जमीन टोंगकोनानची आहे की विकणाऱ्याने स्वतः घेतलेली? उत्तर तीन ठिकाणी पडताळा. लेंबांगच्या प्रमुखाकडे (लेंबांग म्हणजे तिथलं गाव), त्या टोंगकोनानच्या वडीलधाऱ्यांकडे आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे. जमीन टोंगकोनानची निघाली तर तो विषय तिथेच सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती स्वतंत्र असेल तरी सगळ्या वारसांची लेखी संमती, ओळखपत्राच्या प्रतींसह, लेंबांग प्रमुखासमोर घ्या. जागेवर खडकातलं थडगं किंवा घरासारखी बांधलेली कबर (पाताने) आहे का, तेही बघा. असली तर त्या कुटुंबाची ये-जा कायमची राहणार.

गहाण न तपासणं

रांबू सोलो, म्हणजे अंत्यविधी, इथे फार खर्चिक असतो. बळी द्यायच्या रेड्यांसाठी भातखाचरं गहाण टाकली जातात आणि पुष्कळदा हे तोंडीच ठरतं. १९६० च्या कायद्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त गहाण राहिलेली शेतजमीन मोबदला न मागता मूळ मालकाला परत करावी लागते. म्हणजे आज खाचर कसणारा माणूस मालक असेलच असं नाही. पीक कोण घेतो आणि कधीपासून, हे शेजाऱ्यांनाच विचारा.

कराच्या पावतीला मालकीहक्क समजणं

आपल्याकडे घरपट्टीची पावती म्हणजे खरेदीखत नव्हे, तशीच तिकडची पीबीबीची, म्हणजे जमीन आणि इमारतीवरच्या कराची, पावती. गिरीकसारख्या (पारंपरिक जमिनीच्या जुन्या करनोंदी) जुन्या कागदांनाही २०२१ च्या नियमावलीने नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. त्यानंतर ते पुरावा म्हणून चालत नाहीत, नोंदणी करताना फक्त दिशा दाखवतात. भूमी कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी आणि नव्याने मोजणी झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. व्यवहार पीपीएटी या अधिकृत दस्तनोंदणी अधिकाऱ्यासमोरच करा. त्यांची फी व्यवहाराच्या जास्तीत जास्त १ टक्का. शिवाय घेणाऱ्याला कमाल ५ टक्के आणि विकणाऱ्याला २.५ टक्के कर बसतो.

दुसऱ्याच्या नावावर घेणं

हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. दलाल सांगतो, “माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, आतून करार करू.” १९६० च्या मूळ जमीन कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी माणसाकडे अप्रत्यक्षपणे जमीन जाणारा व्यवहारही रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

सरळ मार्ग दोन. राहण्यासाठी हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क: सरकारी जमिनीवर ३०, मग २०, मग ३० वर्षं, खासगी मालकाच्या जमिनीवर ३० वर्षं, पुढचं नव्या करारावर. धंद्यासाठी परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून हाक गुना बांगुनान, म्हणजे बांधकामाचा हक्क. अशा कंपनीला सर्वसाधारण नियमाप्रमाणे १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक दाखवावी लागते. दोन खोल्यांच्या होमस्टेसाठी हा खटाटोप परवडत नाही. त्यासाठी स्थानिक कुटुंबाशी भाडेकरार बरा.

एकदाच, तेही कोरड्या मोसमात बघून येणं

जुलै-ऑगस्टमध्ये आकाश निरभ्र, रस्ते कोरडे आणि अंत्यविधींसाठी परगावची भावंडं घरी आलेली. वारसांना भेटायला ही वेळ उत्तम, फक्त विधीच्या मांडवात जमिनीचा विषय काढू नका. काळे कपडे घाला, साखर, कॉफी किंवा सिगारेटची खोकी घेऊन जा, आणि धान्यकोठाराच्या ओट्यावर दाखवतील तिथेच बसा, कारण तिथली जागा मानाप्रमाणे ठरते. शाकाहारी असाल तर जेवण आधी सांगून ठेवा. पापिओंग म्हणजे बहुधा बांबूत शिजवलेलं डुकराचं मांस.

जागेची परीक्षा मात्र पावसात, डिसेंबर ते एप्रिल दरम्यान. एप्रिल २०२४ मध्ये माकाले परिसरात दरडी कोसळून सुमारे २० माणसं गेली. उतारावर नवे भेगाळलेले पट्टे, वाकलेली झाडं, वरच्या खाचरांतून झिरपणारं पाणी दिसलं तर दर कितीही कमी असो, नको म्हणा. झऱ्याचं पाणी कोणाच्या जमिनीतून येतं तेही लिहून घ्या.

भारतातली बाजू विसरणं

निवासी भारतीयाला एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेल्यास बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा आयकर, घेते. ही मालमत्ता आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, आणि छोट्या रकमांना मिळणारी सूट स्थावर मालमत्तेला लागू नाही.