दोन्ही गुडघे एकदम बदलायचे की एकेक? या चुका टाळा

"एकदाचं होऊन जाऊ द्या न साहेब, दोनदा कोन जाते नागपूरले?" वऱ्हाडातून येवो की गडचिरोलीतून, गुडघ्याच्या ओपीडीत हे वाक्य ठरलेलं. गाडीभाडं, मुलाची रजा, सोबत राहायला माणूस, या अडचणी खऱ्याच आहेत. पण निर्णय त्यांच्यावर सोडणं ही पहिली चूक. तो हृदय, रक्त, साखर आणि पायांचा बाक पाहून होतो. गाडीभाड्याचा नंबर त्यानंतर.

गुडघा बदलताना हाडाच्या पोकळीतली थोडी चरबी आणि मज्जा रक्तात मिसळून फुफ्फुसापर्यंत जाते. एका गुडघ्याची झळ शरीर सहसा सोसतं. एकाच दिवशी दोन्ही केले की ती दुप्पट होते, रक्त जास्त जातं आणि रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेलेला, किडनी कमजोर, दमा जुना, वय 75 च्या पुढे, अशांनी एकदमचा विषयच काढू नये. साखर आटोक्यात नसेल तर एकाही गुडघ्याची घाई नको. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या आत आणा आणि मग तारीख मागा.

रक्ताचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. एका गुडघ्याला हिमोग्लोबिन साधारण 2 ते 3 ग्रॅम उतरतं. शेतात राबणाऱ्या बाईचं अनेकदा मुळातच 9-10 असतं. तिचे दोन्ही एकदम केले तर काय उरेल? 12 च्या वर नेऊनच टेबलावर जावं. लोहाच्या गोळ्यांना त्यासाठी सहा-आठ आठवडे लागतात; आठवड्यात रक्त वाढवणाऱ्या लाल टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालू नका. पूर्व विदर्भात त्याआधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी हवीच. मांडीला आवळपट्टी बांधून रक्त थांबवतात, तेव्हा सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे. आणि सिकलसेलवाल्यांचा खुबा खराब असला तरी दुखणं गुडघ्यात जाणवतं. खुब्याचा एक्स-रे न काढता गुडघ्याची तारीख घेऊ नका.

आता उलटी चूक, आणि ही जास्त चीड आणते: एक करून थांबणं. यवतमाळकडच्या 62 वर्षांच्या एका काकूंचं उदाहरण घ्या. दोन्ही गुडघे 25 अंशांत वाकून अडकलेले, हृदय ठणठणीत, साखर नाही. "आधी एक करून पाहू" म्हणून उजवा झाला, अगदी सरळ झाला. डावा वाकडाच, म्हणून उजवा पाय दीड-दोन सेंटीमीटर लांब पडला. उभं राहताना उंची जुळावी म्हणून काकू नकळत उजवा गुडघा वाकवून ठेवू लागल्या. त्यात घरच्यांनी मायेनं गुडघ्याखाली उशी दिली. दुसऱ्याची तारीख कापसाच्या वेचणीसाठी पुढे गेली, मग लग्नसराईसाठी. आठ महिन्यांनी नवा गुडघा 15 अंशांत आखडलेला. सांधा चांगला, पाय पुन्हा वाकडा. अशा दोन्हीकडून वाकलेल्या, पण बाकी तब्येत धडधाकट असलेल्या माणसाला एकदम करणंच बरं. वेगळे करायचेच असतील तर दुसऱ्याची तारीख पहिल्याच्या आधी ठरवा, मधल्या काळात ऑपरेशन न झालेल्या पायाच्या चपलेला मोच्याकडून दीड सेंटीमीटरचा थर लावून घ्या, आणि उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली कधीच नाही.

"याच भरतीत चार दिवसांनी दुसरा" हा मधला मार्ग लोकांना फार आवडतो. पण हिमोग्लोबिन तळाला जातं ते नेमकं याच दिवसांत. सहा आठवड्यांच्या आत दुसरा नको, तीन महिने असतील तर उत्तम. जखम कोरडी, गुडघा पूर्ण सरळ आणि 90 अंशांच्या पुढे वाकणारा, रक्त पूर्ववत, एवढं झालं की जा. आपल्याकडे संक्रांतीनंतर पहिला आणि पाडव्यानंतर दुसरा हे गणित बसतं: वेचणी बरीचशी उरकलेली असते आणि पेरणीपर्यंत माणूस चालायला लागतो. मात्र उकिडवं बसून निंदण करणं विसरा.

एकदम केल्यावर "चांगला पाय" उरत नाही, हेही घरी गेल्यावरच कळतं. एकच गुडघा केला असेल तर पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. दोन्ही केले की ही युक्ती संपली. उठवायला दोन माणसं, हाताच्या टेकूची उंच खुर्ची, कमोड आणि वॉकर ऑपरेशनआधीच घरात हवेत.

पैशाची चूक छोटी: एकदम केल्यानं सांधे अर्ध्या किमतीत येत नाहीत. 2017 पासून सांध्याच्या कमाल किमती सरकारनं बांधल्या आहेत, आणि लागतात दोनच. वाचते ती खाट, भूल, येणंजाणं. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर मंजुरी एका गुडघ्याची आहे की दोन्हींची, हे दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्या.

गुडघ्यात स्टेरॉइडची सुई घेतली असेल तर तीन महिने थांबा, जंतुसंसर्गाचा धोका असतो. किडलेला दात, टाचेच्या भेगा, चिखल्या आधी बऱ्या करा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किमान सहा आठवडे आधी बंद. जखम भरत नाही हे एक, आणि खर्ऱ्यानं तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर भूल देणाऱ्याला नळी घालणं अवघड जातं हे दुसरं. गावच्या पुडीनं दुखणं झटक्यात थांबत असेल तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा, त्यात बहुधा स्टेरॉइड निघतं.

घरी आल्यावर जखमेतून पाणी येत असेल तर गावातून अँटिबायोटिक खाऊ नका. गोळी जंतूंना दाबते आणि तपासणीत ते सापडत नाहीत. ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात फोन करा. पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी दवाखाना, धाप लागली तर थेट 108.