व्हॅलोरंट: रेडियनाइट उधळण्याआधी

व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये स्किन (बंदुकीचं सजवलेलं रूप) घेतली की हात शिवशिवतात, हातातले सगळे रेडियनाइट पॉइंट्स (स्किन अपग्रेड करायला लागणारे गेममधले पॉइंट्स) लगेच ओतावेसे वाटतात. जरा दम धरा. आधी कलेक्शनमध्ये बंदूक उघडून प्रत्येक लेव्हलचा व्हिडिओ बघा.

प्राइम व्हँडलचंच घ्या, म्हणजे व्हँडल या रायफलची ‘प्राइम’ स्किन. पहिलीनंतरच्या तीन लेव्हल्सना प्रत्येकी १० पॉइंट्स: आधी गोळीबाराचे इफेक्ट्स, मग अ‍ॅनिमेशन, शेवटी फिनिशर (शेवटच्या किलचा खास इफेक्ट). लेव्हल्स क्रमानेच उघडतात, मधली गाळता येत नाही. रंग बदलायचे तर प्रत्येक व्हेरियंटला आणखी १५. म्हणजे तीन रंगांसकट एकूण ७५!

फिनिशर दिसतो तो फक्त राउंडच्या शेवटच्या किलला, आणि तोही तुमच्या नशिबी आला तर. याउलट इन्स्पेक्टचं (बंदूक हातात फिरवून बघण्याचं) अ‍ॅनिमेशन बाय फेजमध्ये (राउंडआधी शस्त्रं घ्यायच्या वेळेत) चाळा म्हणून प्रत्येक राउंडला बघाल. त्यामुळे पॉइंट्स मोजकेच असतील तर अ‍ॅनिमेशनवर थांबलेलं परवडतं. रंगांची घाई तर अजिबात नको, मूळ रंगच बऱ्याचदा उजवा असतो.

आणि हो, एकदा अपग्रेड केलं की स्किनचा रिफंड विसरा. पॉइंट्स कमी पडले तर बॅटल पासच्या (खेळत गेलं की बक्षिसं उघडणाऱ्या मालिकेच्या) प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या, टप्प्यांत मिळतात. नुसत्या त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजणं मला तरी पटत नाही.