स्वायत्ततेच्या सार्वमताची बातमी आली की आधी काय बघायचं

एखाद्या प्रांताने स्वायत्ततेसाठी किंवा थेट वेगळं व्हायला मतदान घेतलं आणि "90 टक्के लोक बाजूने" अशी हेडलाइन आली की लगेच फॉरवर्ड करू नका, आधी मतदानाला आले किती ते शोधा. मग दोन्ही टक्क्यांचा गुणाकार करायचा. 2017 ला स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात वेगळं व्हायला होकार साधारण 90 टक्के, पण मतदान 43 टक्के, म्हणजे एकूण मतदारांपैकी 39 टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले. आता उरलेले सगळे विरोधात असंही धरायचं नाही हं, कारण कोर्टाने मतदान स्थगित केलेलं, वेगळं व्हायला विरोध असलेल्या पक्षांनी लोकांना येऊ नका सांगितलेलं, पोलीस मतदान केंद्रांत घुसून मतपेट्या उचलून नेतायत, अशा दिवशी घरी बसलेल्या माणसाचं मत काय होतं ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बहिष्काराने आकडा किती फिरतो ते न्यू कॅलेडोनियात, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या पॅसिफिकमधल्या बेटांवर, बघा. 2020 ला 53 टक्के लोक स्वातंत्र्य नको म्हणाले, 2021 ला तोच आकडा 96 च्या वर. एका वर्षात लोकांची मनं बदलली का? नाही. कोविडमुळे तिथल्या मूळ रहिवासी कनाक समाजात बरेच मृत्यू झाले होते, तारीख पुढे ढकला ही मागणी फ्रान्सने ऐकली नाही, म्हणून स्वातंत्र्यवादी मतदानालाच आले नाहीत आणि मतदान 86 वरून 44 टक्क्यांवर आलं. असल्या निकालाला मी तरी लोकांचा कौल म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे मतदानाला केंद्र सरकारची मान्यता होती का. स्कॉटलंडचं 2014 चं सार्वमत लंडनशी, म्हणजे ब्रिटिश सरकारशी, 2012 ला रीतसर करार करून झालं, म्हणून 55 विरुद्ध 45 असा निकाल दोघांनी मानला. पण मान्यता नाही म्हणजे मागणीच खोटी, असं कृपा करून समजू नका. बोलिव्हियात सांताक्रूझ प्रांताने 2008 ला स्वायत्ततेसाठी घेतलेलं मतदान तिथल्या राष्ट्रीय निवडणूक कोर्टाने बेकायदा ठरवलं, तरी 2009 च्या नव्या राज्यघटनेत प्रांतांच्या स्वायत्ततेला जागा मिळालीच.

जिंकायला किती मतं लागतात हेही आधीच बघून ठेवा, निम्म्याहून एक जास्त पुरतंच असं नाही. 1979 ला स्कॉटलंडमध्ये 51.6 टक्के लोक स्वतःच्या विधानसभेला हो म्हणाले, पण एकूण मतदारांच्या 40 टक्के होकार हवा अशी अट होती, तो निघाला 33 च्या जवळ, झालं, कायदाच रद्द. सर्बियापासून वेगळं व्हायला मॉन्टेनेग्रोला 2006 ला पडलेल्या मतांच्या 55 टक्क्यांची अट होती, ते 55.5 वर कसेबसे सुटले.

आणि निकालानंतर बातम्या बंद करू नका, खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते. सप्टेंबर 2017 ला इराकी कुर्दिस्तानात, म्हणजे उत्तर इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त भागात, स्वातंत्र्याला 92 टक्क्यांवर होकार आला, मतदानही 72 टक्के, म्हणजे आपल्या गुणाकारातही तो भक्कमच आहे. पण काही दिवसांत बगदादने, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारने, तिथल्या विमानतळांवरची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि ऑक्टोबरात सैन्य पाठवून किर्कुक हे तेलाचं शहर ताब्यात घेतलं. त्यामुळे निकालानंतर विमानतळ कुणाच्या हातात, तेलाचा आणि टॅक्सचा पैसा कुणाकडे जातो आणि दोन्ही बाजू चर्चेला बसल्यात का, या बातम्या रोज बघत जा.