डक कॉल घेताना या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की आर्कान्सा, मिसिसिपी, टेनेसी या अमेरिकी राज्यांतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. ऑफिसातल्या कुणीतरी बदकांच्या शिकारीला बोलावलेलं असतं. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला असतो, राज्याचं लायसन्स आणि फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट, घेतलेला असतो, आणि आता डक कॉल, म्हणजे फुंकून बदकाचा आवाज काढायची नळी, हवा असतो. "सगळ्यात चांगला कुठला?" हा एकच प्रश्न. कॉल कुठे वाजवायचा आहे, जंगलात की उघड्या भातशेतात, हे कुणी सांगत नाही. खरी निवड तर त्यावरच ठरते.

कॉलची रचना साधी आहे. फुंकायची नळी म्हणजे बॅरल, तिच्यात घट्ट बसणारा इन्सर्ट, इन्सर्टवर टोन बोर्ड, टोन बोर्डवर मायलर प्लास्टिकची पातळ पट्टी म्हणजे रीड आणि ती रीड दाबून धरणारं कॉर्क. हवेनं रीड थरथरते आणि आवाज होतो. रीड एक की दोन, आणि नळी लाकडाची, ॲक्रिलिकची की साध्या पॉलिकार्बोनेटची, निवडताना मुख्यतः एवढंच बघायचं.

मोठा आवाज म्हणजे चांगला कॉल, हा समज

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिची किंमत बरोबरच्या सगळ्यांना मोजावी लागते.

आर्कान्सातल्या स्टटगार्ट गावात 1936 पासून डक कॉलिंगची जागतिक स्पर्धा होते. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मेन स्ट्रीटवर स्टेज लागतं आणि प्रत्येक स्पर्धक 90 सेकंदांत आपली सगळी कला दाखवतो. तिथले कॉल एका रीडचे, ॲक्रिलिकचे आणि कान फाडणारे असतात. ते पंचांसाठी बनवलेले असतात. व्हिडिओ बघून नवशिका नेमका तसाच कॉल मागवतो, दीडशे डॉलर देतो आणि तो घेऊन झाडांत शिरतो. त्याच स्पर्धेचा पहिला विजेता थॉमस वॉल्श याने कॉल हातात न घेता नुसत्या गळ्यातून आवाज काढला होता आणि बक्षीस म्हणून 6.60 डॉलरचा शिकारीचा कोट जिंकला होता, हे मात्र कुणाला सांगितलं की खरं वाटत नाही.

सांगलीकडचा एक तरुण इंजिनिअर एकदा आमच्याबरोबर आर्कान्सातल्या बायू मेटोच्या जंगलात आला होता. हिवाळ्यात तिथे ओकच्या राईत पाणी भरतं आणि पाण्यात पडलेले एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, खायला मॅलार्ड जातीची रानबदकं उतरतात. मांडीपर्यंत पाणी, आम्ही झाडांना टेकून उभे. उजाडल्यावर शेंड्यांच्या वर एक मोठा थवा घिरट्या घालू लागला. आम्हाला घेऊन गेलेल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने दोनदा हलकंसं क्वॅक केलं आणि पायाने पाणी हलवून लाटा उठवल्या. थवा वळला, पंख स्थिर झाले, पाय खाली आले, आणि झाडांच्या फटीतून पक्षी उतरायला लागले. तेवढ्यात आमच्या पाहुण्याने स्पर्धेतला हेल कॉल, म्हणजे लांबच्या बदकांना बोलवायची मोठी हाक, पूर्ण ताकदीने ठोकला. अख्खा थवा जागच्या जागी सरळ वर उठला. पुढच्या थव्याला तेच. शेजारच्या टोळीतून शिव्या ऐकू आल्या.

"दादा, एवढ्या जोरात वाजवला, त्यांना ऐकू गेलंच असेल ना?" त्याने मला विचारलं.

"ऐकू गेलं म्हणूनच उडाली," मी म्हटलं.

भरल्या पाण्यातल्या जंगलात आवाज पाण्यावरून आणि खोडांवरून आपटून परत येतो. पक्षी शेंड्यांइतकाच वर असतो. तिथे चढा आवाज त्याला धोक्याचाच वाटतो. म्हाताऱ्याने शेवटी स्वतःच्या गळ्यातला लाकडी, दोन रीडचा जुना कॉल काढून पोराच्या गळ्यात घातला आणि बजावलं की मी खूण करीन तेव्हा एकच क्वॅक, बाकी गप्प. त्या कॉलवर त्याला पक्षी मिळाले.

माझी सवय अशी: झाडांत असेन तर लाकडी, दोन रीडचा. वारा सुटलेल्या दिवशी उघड्या भातशेतात किंवा मोठ्या पाण्यावर एका रीडचा ॲक्रिलिक, कारण तिथे आवाज लांब जावाच लागतो. नवशिक्याला मी एकच सांगतो: पॉलिकार्बोनेटचा, दोन रीडचा, वीस-पंचवीस डॉलरचा घ्या. दोन रीडचा आवाज आपोआप जरा खरखरीत येतो आणि हवा थोडी कमी-जास्त झाली तरी तो सांभाळून घेतो. एका रीडवर हलकं आणि चढं दोन्ही काढता येतं, पण हवेवर ताबा नसेल तर चिरका आवाज ठरलेला. कटडाउनच्या वाटेला तर इतक्यात जाऊच नका. ऑल्ट डी-2 नावाचा जुना कॉल कापून ज्यांनी हे कॉल करायला सुरुवात केली ती माणसं हयातभर बदकांमागे हिंडलेली होती, आणि त्यांच्याएवढी हवा तुमच्या छातीत एका आठवड्यात येणार नाही.

गाल फुगवून फुंकणं आणि दोष कॉलला देणं

नवा कॉल, पहिल्या दिवशी पीं असा आवाज, दुसऱ्या दिवशी दुकानात परत. मग त्याहून महाग कॉल, पुन्हा तोच पीं. असे कॉल बदलत फिरणारे लोक बघून जीव तुटतो, कारण बिघाड कॉलमध्ये नसतोच. आपण मेणबत्ती विझवतो तशी हवा सोडतात. हवा पोटातून, गरम आणि जाड यायला हवी. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर हाऽ करून वाफ धरतो ना, तोच श्वास. आधी कॉलशिवाय काचेवर करा. वाफ धरली की तोच श्वास कॉलमध्ये सोडा आणि मागचं टोक हाताने अर्धवट झाका.

दुसरी गोष्ट, आवाज कापायला शिका. क्वॅकमधला शेवटचा क ऐकू आलाच पाहिजे. नुसतं "क्वॅऽऽ" करत राहिलात तर कुठलंही बदक फिरकणार नाही. एक क्वॅक स्वच्छ जमला की मग पाच-सहा सूर वरून खाली उतरत जाणारे. खाताना होणारी टिक-टिक कुजबुज सगळ्यात शेवटी. लोक नेमकी तीच आधी शिकायला बसतात.

फोन तीस पावलांवर ठेवून स्वतःला रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याच्या कानाला आपला कॉल नेहमी बरा वाटतो, म्हणून लांबून ऐकायचं. आणि गावातल्या पार्कच्या तळ्यावर जाऊन खऱ्या मॅलार्डजवळ शांत बसा. मोठ्याने क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, आणि त्यासाठी वेगळी शिट्टी मिळते. पिनटेल आणि विजन या जातींच्या बदकांच्या नरांसाठीही तीच चालते. दहा-पंधरा डॉलरची ती शिट्टी मी प्रत्येकाला घ्यायला लावतो, कारण ती क्वचितच बिघडते आणि बाकीचे सगळे क्वॅक-क्वॅक करत असताना तिचा उपयोग होतो.

बाकीच्या चुका थोडक्यात

पक्षी तुमच्याकडे चोच करून येत असेल तर कॉल खाली. शेपूट दिसायला लागली की वाजवा.

साफ करायला म्हणून रीड उपसू नका. काढावीच लागली तर आधी टोन बोर्डवर पेन्सिलीने रीड आणि कॉर्कची जागा आखून घ्या. कणभर सरकली तरी सूर बदलतो.

ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, चिवडा खाल्लात तर पाण्याने चूळ भरल्याशिवाय कॉल तोंडाला लावू नका. रीडखाली एक कण अडकला तरी आवाज बंद. तेव्हा डॉलरची नोट रीडखाली सरकवून हलकेच फिरवायची.

थंडीत कॉल जॅकेटच्या आत ठेवा. थुंकी गोठली की दोन्ही रीड एकमेकींना चिकटतात.

लाकडी कॉल ओला झाला की इन्सर्ट फुगून अडकतो. रात्री तो काढून ठेवा, पण हीटरसमोर नको. लाकूड तडकतं.

फोनवर किंवा स्पीकरवर बदकांचा आवाज लावायचं डोक्यातून काढून टाका. बदकांसाठी रेकॉर्ड केलेले आवाज वापरायला अमेरिकेच्या फेडरल नियमांनी बंदी आहे. नियम नसता तरी मी असल्या माणसाबरोबर शिकारीला गेलो नसतो.

आणखी एक, कळकळीने. भारतात सुट्टीला जाताना कॉल बॅगेत टाकून "भिगवणला वाजवून बघू" म्हणणारे भेटतात. आपल्याकडच्या हळदी-कुंकू बदकाच्या मादीचा आवाज मॅलार्डशी खूप मिळता आहे, त्यामुळे ते खरंच प्रतिसाद देईल. म्हणूनच वाजवायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिकार बंद आहे, आणि विश्रांती घेणाऱ्या पक्ष्यांना गंमत म्हणून उठवणं हा त्यांना दिलेला त्रासच आहे.

कॉल सीझनच्या तोंडावर विकत घेऊ नका. आर्कान्सात सीझन जानेवारीअखेर संपतो. त्यानंतर फेब्रुवारीत घ्या, गाडीत ठेवा आणि ऑफिसला जाता-येता काचा वर करून रोज थोडा वाजवा. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत नुसता क्वॅक स्वच्छ आला तरी पहिल्या सीझनला तेवढं पुरतं.